नात्यातील बालसंगोपन : मोबदला, आयकर आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकाला दिलेला पैसा आणि त्यावरील कर’ असा विषय सांगितला. काही सभासदांना हसू आले. विहारात आयकर कशाला, असे त्यांना वाटले असावे. परंतु गेल्या वर्षभरात आपल्याच वस्तीतील चार-पाच तरुण जोडप्यांनी आम्हांस हाच प्रश्न विचारला आहे. कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी एस.टी.त वाहक, कोणी शिक्षिका. दोघेही कामावर जातात. लहान मूल आजीकडे, मावशीकडे किंवा गावाहून आणलेल्या एखाद्या बहिणीकडे राहते. तिला दरमहा काही रक्कम दिली जाते. ही रक्कम पगार म्हणावयाची की मदत? तिच्यावर कर बसतो का? देणाऱ्यास काही सूट मिळते का? हे प्रश्न साधे दिसतात. पण त्यांची उत्तरे न शोधल्यामुळे नुकसान कोणाचे होते, हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे. तेथूनच सुरुवात करतो.

आमची मुलगी लहान असताना आम्ही उभयता नोकरीत होतो. आमची एक मामेबहीण लहान वयात विधवा झाली होती, पदरी एक मुलगा होता. वयाने ती आमच्याहून मोठी; आम्ही तिला ताई म्हणतो. २०१२ च्या जून महिन्यापासून ती आमच्या घरी येऊ लागली. सकाळी साडेआठला येई, संध्याकाळी साडेसहाला जाई. मुलीचे खाणे, आंघोळ, झोप, पुढे शाळेत सोडणे-आणणे, सगळे तिनेच केले. मुलगी तिला आत्या म्हणे. महिन्याच्या एक तारखेला आम्ही पाकिटात पाच हजार रुपये घालून तिच्या हाती देत असू आणि ‘ताई, हे घरखर्चाला राहू दे’ असे म्हणत असू. ‘पगार’ हा शब्द आमच्या तोंडून कधी निघाला नाही. बहिणीला पगार कसा म्हणावयाचा? तो शब्द आम्हांस कमीपणाचा वाटे.

२०१८ साली तिच्या मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरावयाचा होता. बँकेत काम करतो म्हणून अर्ज आम्हीच भरावयास घेतला. सहकर्जदार म्हणून आईचे नाव लिहिले. पुढचा रकाना उत्पन्नाचा होता. आम्ही सवयीने तेथे ‘निरंक’ लिहिले. ताई शेजारी बसून पाहत होती. तिने विचारले, ‘निरंक म्हणजे काय रे, भाऊ?’ आम्ही अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे सहा वर्षं मी काहीच कमावलं नाही का?’

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तो अर्ज फाडला, नवा भरला आणि तिला मोबदला दिल्याचे पत्र लिहून दिले. परंतु पत्राला आधार काय? सहा वर्षांतली सगळी रक्कम रोखीने दिलेली, पावती नाही, वहीत ओळ नाही, तिच्या बचत खात्यात भरणा नाही. कर्ज अखेर दुसऱ्या जामिनावर मिळाले, पण उशिरा. पहिल्या सत्राची फी तिने गळ्यातले सोन्याचे मणी मोडून भरली, हे आम्हांस मागाहून कळले. दिवसभर लोकांची खाती सांभाळणारे आम्ही. पण आमच्या घरात राबणाऱ्या बाईचे खाते आम्ही कोरे ठेवले होते. यात दोष बँकेचा नव्हता, आमचा होता. आज जे सांगावयाचे आहे ते त्या दिवशी शिकलेले आहे.

आता धम्माकडे वळू. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्यापैकी बहुतेकांना परिचित आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना नमस्कार करीत असतो. तथागत त्याला सांगतात की दिशा म्हणजे माणसे. पूर्व दिशा आई-वडील, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी-मुले, उत्तर मित्र व सहकारी, खालची दिशा नोकर व कामगार आणि वरची दिशा श्रमण. कामगारांप्रत मालकाची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, जेवण व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात काही विशेष झाले तर त्यात वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात वेतनाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता विचार करा. जी आई किंवा मावशी आपले मूल मोबदल्यावर सांभाळते, ती कोणत्या दिशेला उभी आहे? ती दोन दिशांना उभी आहे. नात्याने ती वडीलधारी आहे आणि श्रमाने ती कामकरी आहे. म्हणून तिच्याप्रत आपली कर्तव्ये दुप्पट होतात. आपण मात्र बहुधा उलट करतो. नाते आहे म्हणून वेतनाची गोष्ट काढीत नाही, आणि पैसे देतो म्हणून वडीलकीचा मान विसरतो. दोन्हीकडून तिचेच नुकसान होते.

परमपूज्य बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कर आणि बाईमाणसाचे श्रम, हे दोन्ही विषय त्यांच्या अभ्यासाचे व कार्याचे होते. म्हणून विहारात आयकराची चर्चा करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता कायद्याकडे येतो. आम्ही करसल्लागार नाही. बँकेच्या खिडकीमागे जे पाहिले-वाचले ते सोप्या शब्दांत मांडतो. कलमांचे क्रमांक मुद्दाम सांगत नाही, कारण १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या आयकर कायद्याकडे जाते आणि क्रमांक बदलतात. ज्या तत्त्वांवर आपण बोलणार आहोत ती तीच राहतात. आकडे आम्ही २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे घेतले आहेत. पुढच्या प्रत्येक वर्षी अर्थसंकल्पानंतर ते तपासून घ्यावेत.

पहिला प्रश्न : दिलेली रक्कम मोबदला आहे की भेट? भेट म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेला पैसा. मुलगा आईला दरमहा घरखर्चाला पैसे देतो. नातवंड तिच्यापाशी असो वा नसो, तो देतच राहतो. ही भेट आहे. परंतु ‘तू मूल सांभाळ, मी महिना आठ हजार देईन’ असे ठरले असेल आणि काम थांबले की पैसेही थांबत असतील, तर तो मोबदला आहे. त्याला भाऊबीज म्हणा, ओवाळणी म्हणा किंवा मदत म्हणा, नाव बदलल्याने स्वरूप बदलत नाही. घरोघरी स्वतःला हा एकच प्रश्न विचारावा : उद्या मूल शाळेत जाऊ लागले आणि हिची गरज उरली नाही, तर आपण पैसे देत राहू का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते वेतन आहे.

दुसरा प्रश्न : भेटच असेल तर ती करमुक्त असते का? येथे अनेकांची फसगत होते. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, हे खरे. पण ‘नातेवाईक’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ आपल्या बोलण्यातल्या अर्थाहून लहान आहे, आणि नाते पैसे घेणाऱ्याच्या बाजूने मोजले जाते. घेणाऱ्याचे पती किंवा पत्नी, भाऊ-बहीण, पती किंवा पत्नीचे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःचे आणि जोडीदाराचे सरळ रेषेतील पूर्वज व वंशज, म्हणजे आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे. आणि या सर्वांचे जोडीदार. यादी एवढ्यावर संपते.

यावरून काय निघते ते पाहा. सून सासूला, जावई सासूला, मुलगी आईला, भावजय नणंदेला पैसे देते तेव्हा ती घेणारीच्या नातेवाइकांच्या यादीत बसते. अशी भेट कितीही मोठी असली तरी करपात्र नाही. पण भाचीने मावशीला पैसे दिले तर? मावशी ही भाचीची नातेवाईक आहे, कारण ती आईची बहीण. भाची मात्र मावशीच्या यादीत नाही. म्हणजे मावशीने भाचीला दिलेली भेट करमुक्त, पण भाचीने मावशीला दिलेली तशी नाही. चुलत, मामे, आते, मावस भावंडे तर दोन्ही बाजूंनी यादीबाहेर आहेत. यादीबाहेरच्या व्यक्तींकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाली, तर केवळ वरची नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. आम्ही ताईला वर्षाला ६०,००० रुपये देत होतो. म्हणजे ज्याला आम्ही मदत म्हणत होतो, ती मदत धरली असती तरी कायद्याने तिचे उत्पन्नच होती. आणि मोबदला धरला तर प्रश्नच नव्हता. आम्ही लिहिलेला ‘निरंक’ हा शब्द दोन्ही हिशेबांनी चुकीचा होता.

तिसरा प्रश्न : देणाऱ्यास कर-सवलत मिळते का? स्पष्ट सांगावयाचे तर नाही. नोकरदाराने मूल सांभाळण्यासाठी केलेला खर्च हा घरगुती खर्च आहे. वर्षाला १,२०,००० रुपये दिले तरी पगाराच्या उत्पन्नातून एक रुपयाही वजा होत नाही, जुन्या करप्रणालीतही नाही आणि नव्यातही नाही. जुन्या प्रणालीत शाळेला भरलेल्या शिक्षण शुल्काची वजावट आहे. दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत, दोन मुलांपर्यंत, आणि त्यात बालवाडी-नर्सरीचे शुल्कही धरले जाते. ती सवलत शाळेसाठी आहे; आजीला किंवा मावशीला दिलेल्या पैशासाठी नाही. येथे आमच्या दुकानदार व व्यावसायिक बांधवांना एक विनंती. घरी मूल सांभाळणाऱ्या बहिणीचा पगार दुकानातील नोकराचा पगार म्हणून वहीत दाखवू नये. तो धंद्याचा खर्च नाही. तसेच काही जण विचारतात की पत्नी घरी मूल सांभाळते, तिला पगार दाखवून आपले उत्पन्न विभागता येईल का. तसे करता येत नाही. स्वतःच्याच मुलाच्या संगोपनासाठी पत्नीला दिलेला पैसा पतीच्या उत्पन्नातून वजा होत नाही, आणि त्या पैशाची ठेव ठेवली तर तिचे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवावे लागते. पत्नीच्या श्रमाची किंमत नाही असा याचा अर्थ नव्हे. कर वाचविण्याची युक्ती म्हणून तिच्या श्रमाचे नाव वापरू नये, एवढाच अर्थ आहे.

चौथा प्रश्न : घेणारीवर कर किती? आपल्यातील बहुसंख्य घरांत उत्तर ‘काही नाही’ असे येते. पण हिशेब केल्याशिवाय तसे म्हणू नये. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४,००,००० रुपयांपर्यंत उत्पन्नावर कर नाही, आणि निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२,००,००० रुपयांपर्यंत असेल तर सवलतीमुळे नेहमीच्या दराने बसणारा कर शून्यावर येतो.

एक उदाहरण घेऊ. ६६ वर्षांची आजी. पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा १४,०००, म्हणजे वर्षाचे १,६८,०००. नातवंड सांभाळण्याचा ठरलेला मोबदला दरमहा ८,०००, म्हणजे ९६,०००. मुदत ठेवीचे व्याज ६०,०००. एकूण ३,२४,०००. निवृत्तिवेतनावर मिळणारी सूट बाजूस ठेवली तरी रक्कम चार लाखांच्या आत आहे. कर नाही, आणि सर्वसाधारणपणे विवरणपत्र भरण्याचीही सक्ती नाही.

दुसरे उदाहरण सेवानिवृत्त शिक्षिका असलेल्या मावशीचे. निवृत्तिवेतन दरमहा ३५,०००, वर्षाचे ४,२०,०००. भाचीकडून मूल सांभाळण्याचे दरमहा १०,०००, म्हणजे १,२०,०००. एकूण ५,४०,०००. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ४,६५,००० उरतात. चार लाखांवरच्या ६५,००० रुपयांवर ५ टक्के दराने ३,२५० रुपये कर निघतो आणि सवलतीमुळे तो शून्य होतो. पण उत्पन्न चार लाखांच्या वर गेले आहे, म्हणून मावशींनी विवरणपत्र भरलेच पाहिजे. कर शून्य आहे म्हणजे विवरणपत्र नको, हा गैरसमज आम्ही बँकेत रोज ऐकतो. कर भरणे आणि हिशेब सादर करणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत.

पाचवी गोष्ट बँकेच्या खिडकीची आहे आणि ती आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. ठेवीच्या व्याजातून कर कापू नये म्हणून स्वयंघोषणापत्र देण्याची सोय आहे. १५जी आणि १५एच या नावांनी ते अर्ज वर्षानुवर्षे ओळखले गेले. नव्या कायद्यात अर्जांचे क्रमांक बदलतात, म्हणून बँकेत विचारून घ्यावे. १ एप्रिल २०२५ पासून बँकेतील व्याज वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा अधिक, आणि ज्येष्ठ नागरिकांचे १,००,००० रुपयांपेक्षा अधिक झाले तरच कपातीचा प्रश्न येतो. या घोषणापत्रात वर्षाचे अंदाजे एकूण उत्पन्न लिहावे लागते. आमच्या आया-बहिणी तेथे केवळ व्याजाचा आकडा लिहितात किंवा कोरी सही करून अर्ज आमच्याकडे सरकवितात. मूल सांभाळण्याचा मोबदला, घरभाडे, निवृत्तिवेतन, सगळे त्या आकड्यात आले पाहिजे. घोषणापत्रावर सही करणे म्हणजे शब्द देणे होय. खोटे घोषणापत्र हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे, आणि पंचशील घेणाऱ्या उपासिकेला तर हे वेगळे सांगावयास नको. व्याज आयकर खात्याला बँकेकडून कळते. घरातल्या पाकिटातले पैसे कोणी कळवीत नाही. कोणी पाहत नाही तेथेच शीलाची परीक्षा होते.

देणाऱ्याने कर कापून भरावयाचा का, असेही विचारले जाते. वर उदाहरणे दिली तशा दोन-अडीच लाखांच्या आतील वार्षिक मोबदल्यावर, घेणारीचा कर शून्य येत असताना, घरगुती मालकाला कपात करावी लागत नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा आस्थापनांसाठी आहे, घरासाठी नाही.

ही शेवटची बाब दिलाशाची वाटते, पण तीच चिंतेची आहे. करातून ती सुटली, तशी म्हातारपणच्या आधारातूनही सुटली. तिला निधी नाही, उपदान नाही, निवृत्तिवेतन नाही. कायदा जेथे काही मागत नाही, तेथे आपण स्वतः होऊन द्यावयाचे असते. घेणारी ४० वर्षांच्या आतली असेल आणि आयकर भरणारी नसेल तर अटल पेन्शन योजनेत तिचे नाव घालता येते. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी त्यात आहे. हप्ता आपण भरावा. चाळिशी ओलांडली असेल तर भविष्य निर्वाहाचे सार्वजनिक खाते, म्हणजे पी.पी.एफ., टपाल कार्यालयात किंवा बँकेत उघडून द्यावे.

आपल्या काही सभासदांची मुले परदेशी आहेत, म्हणून दोन शब्द तिकडचे. ब्रिटनमध्ये २०११ सालापासून अशी तरतूद आहे की, नोकरी करणाऱ्या मुला-मुलीचे बारा वर्षांखालील मूल सांभाळणाऱ्या, निवृत्तीच्या वयाआतील आजी-आजोबांना राष्ट्रीय विम्याच्या हप्त्याचे श्रेय मागता येते. पैसे न घेता केलेले संगोपनही त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबात जमा होते. अमेरिकेत आपल्याच आईला घरी मूल सांभाळण्यासाठी वेतन दिले तर काही अपवाद सोडून सामाजिक सुरक्षेचा कर लागत नाही. पण ते वेतन आईचे करपात्र उत्पन्न असतेच. मात्र येथून पर्यटक म्हणून गेलेल्या आजीला तेथे वेतन घेऊन काम करण्याची मुभा नसते. म्हणून परदेशी निघालेल्या भगिनींनी तेथील नियम आधी विचारून घ्यावेत. ब्रिटनचे उदाहरण एवढ्यासाठी दिले की, आजीच्या श्रमाची नोंद सरकारी वहीत होऊ शकते हे आपणांस कळावे. आपल्याकडे तशी वही नाही. तोवर ती वही घरात ठेवावी लागेल.

कशी ठेवावयाची? पाच गोष्टी सांगतो. एक, काम सुरू होण्यापूर्वी साध्या कागदावर चार ओळी लिहाव्यात : कामाच्या वेळा, मोबदला, सुट्टीचे दिवस, आजारपणात काय करावयाचे. दोघांनी सही करावी. दोन, रक्कम तिच्या स्वतःच्या बचत खात्यात भरावी. पती, भाऊ किंवा मुलाच्या खात्यात नव्हे. रोखीने देणे बेकायदा नाही, पण रोख दिले तर वहीत तारीख घालून सही घ्यावी. तीन, तिचे पॅन कार्ड काढून द्यावे. चार, वर्षाअखेरीस, मार्चच्या शेवटी, वर्षभरात किती दिले याचा एक दाखला सही करून तिला द्यावा. पाच, तिच्या सर्व उत्पन्नाची बेरीज तिच्याच शेजारी बसून करावी, तिला न कळविता परस्पर नव्हे. पैसा कोठून आला, कोठे गेला, हे तिला स्वतःला सांगता आले पाहिजे.

‘असा कागद केला तर नाते तुटेल’ अशी भीती काही जण बोलून दाखवितात. आमचा अनुभव वेगळा आहे. ठरलेले नसते तेव्हाच मन खात राहते. ती मनात म्हणते, हे मला गृहीत धरतात. आपण मनात म्हणतो, एवढे देऊनही ही उशिरा येते. कागदावर सुट्टी लिहिलेली असली की तिला सुट्टी मागताना ओशाळे व्हावे लागत नाही. आणि जी आजी म्हणते, ‘माझ्या नातवाचे पैसे मी घेणार नाही’, तिच्यावर बळजबरी करू नये. तिचे प्रेम हे दान आहे, आणि दानाला पावती लागत नाही. तिला जे द्यावयाचे ते भेट म्हणून, काम असो वा नसो, देत राहावे. मात्र हा निर्णय तिचा असावा, आपल्या सोयीचा नसावा.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, आता तुमच्यासाठी. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २,५०,००० रुपयांची मर्यादा अनेक वर्षे लागू राहिली. तुमची आई कोणाचे मूल सांभाळत असेल, तर तो मोबदला त्या उत्पन्नात सांगितला पाहिजे. तो सांगितल्याने बहुतेकांची शिष्यवृत्ती जात नाही; ६०,००० किंवा ९६,००० रुपये मिळवूनही कुटुंब मर्यादेच्या आत राहू शकते. पण तो लपविला, तर तुम्ही सरकारलाच फसवीत नाही, आईचे श्रमही पुसून टाकता. अर्जात ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात आपण सहज ‘गृहिणी’ लिहितो. एकदा आईला विचारून मग लिहा.

शेवटी ताईविषयी थोडे सांगून आपली रजा घेतो. आमची मुलगी मोठी झाली, तशी ताई २०१८ नंतर आमच्या शेजारच्या इमारतीत दुसऱ्या एका जोडप्याचे मूल सांभाळू लागली. त्या वेळी तिने आम्हांस बोलावून घेतले आणि सांगितले, ‘भाऊ, कागद तू लिही, पण आकडा मी सांगणार.’ तिने सांगितलेला आकडा आम्ही तिला देत होतो त्याच्या दुपटीहून अधिक होता, आणि त्या जोडप्याने तो मान्य केला. आम्ही तिला सहा वर्षे किती कमी दिले, हेही आम्हांस त्या दिवशी कळले. तिचा मुलगा आज नोकरीत आहे आणि कर्जाचे हप्ते फिटले आहेत. गेल्या मार्चमध्ये ती बँकेत आली होती. घोषणापत्राचा अर्ज तिने आमच्याकडून घेतला, चष्मा लावला आणि उत्पन्नाचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. आम्ही तो फक्त तपासला. बरोबर होता.

आपल्या वस्तीतील प्रत्येक घराने निदान एवढे करावे की, मूल सांभाळणाऱ्या एकाही बाईच्या नावापुढे आपल्या हाताने ‘निरंक’ लिहिले जाऊ नये. कर बसो वा न बसो, तिचे उत्पन्न तिच्या नावावर लिहिलेले असावे. 

नमो बुद्धाय! जयभीम!